खालची चौकी

बळीराम : ह्या सोयरिकीत तुमाले काय भेटणार होतं, सांगू का मामाजी? फौजी जवाई. म्हणजे कॅन्टीनची रम, एक जाडं कांबळं, अन् मिलच्या फाटकापाशी चहा पिता पिता सांगायले एक लढाई. बराबर?

चंपतराव : तू तं मले भर बाजारात उभं करून राहिला गा! रम मी घेत नाही.

बळीराम : साक्षगंधाच्या दिवशी घेतली, ते काय खोकल्याचं औषध होतं?

चंपतराव : खोकला होताच मले. हास, हास तू. पण ह्या मे महिन्याच्या उन्हात तुमच्या इंदोऱ्याच्या वस्तीपर्यंत मी काही रमसाठी नाही आलो. तुया मायले भेटतो म्हणून भाचीनं हट्ट धरला, तिले घेऊन आलो.

बळीराम : ती मायले भेटायले आली. अन् तुमी? तुमी लग्न मोडायले आले.

चंपतराव : मोडायले म्हणू नको बापा. पण मैनाचं पाह्य ना. माही बहीण, नवरा गेलेला, एकुलती एक पोरगी. ती म्हणते, मायं मन धजत नाही. खोटं काहून सांगू?

बळीराम : बराबरच म्हणते. मंग असं करा. विहारात, वस्तीत, साऱ्यायले सांगा का नकार बळीरामनं दिला. तुमच्याकडं कोणी बोट नाही दाखवणार. अन् हिंगण्याचा माणूस पाहून ठेवलाच आहे न तुमी?

चंपतराव : तुले कोणी सांगितलं?

बळीराम : तुमीच. बसल्यापासून हिंगण्याची बस, हिंगण्याचं पाणी, हिंगण्याच्या कारखान्याचा भोंगा. तुमचा जन्म मिलमधी गेला. तुमाले हिंगण्यात काय काम पडलं?

चंपतराव : फौजेत हेच शिकवते का रे? बरं, आहे एक. कारखान्यात टाइमकीपर आहे. बिजवर आहे. दोन लेकरं आहेत. वय म्हणशील तं... अंगानं धडधाकट आहे.

बळीराम : दोन पाय आहेत म्हणा न सरळ.

चंपतराव : तू बोलला, मी नाही बोललो. पण एक इचारू? रागावू नको. लढाई तं डिसेंबरात संपली. मिलमधी पेढे वाटले आम्ही. अन् तुया पाय गेला होळीच्या वक्ताले. मंग तिथं दुश्मन आला कुठून?

बळीराम : दुश्मन नाही आला. माइन, जमिनीतला सुरुंग, आमचीच होती. ज्यायनं पेरली त्यायनंच काढायची, असा आमच्यात रिवाज आहे. काढत होतो.

चंपतराव : आपलीच? अन् जागा मालूम नव्हती?

बळीराम : होती न. दोन खुणा धरल्या होत्या, एक लाकडी खांब अन् एक टेकडी. खांब गाववाल्यायनं थंडीत चुलीत घातला. राहिली टेकडी. आता आमच्या सेक्शनमधी सारे वर्ध्याचे, उमरेडचे, यवतमाळचे. काळ्या मातीतले लोक. आपल्याकडं टेकडी म्हणजे टेकडी, ते उठून कुठं जाईन? रेतीची टेकडी उठून गेली, मामाजी. हवेनं नेली. अन् आम्ही तिच्याच भरवशावर फीत लावून मोजून राहिलो.

चंपतराव : अरे बापा! पण मंग पेरायची काहून? किती दुश्मन मरते त्याच्यानं?

बळीराम : मारायले नाही पेरत. हेच कोणाले समजत नाही. सारी सरहद्द बंद करायले माइना कोणापाशी आहेत? दोन कोस बंद करायचे. तार ठोकायची, अन् ते त्याले चांगली दिसू द्यायची. रणगाडेवाला तार पाहते, थांबते, अन् जिकडं मोकळं दिसते तिकडं वळते. आपल्याले तो जिकडं पाहिजे, नेमका तिकडंच.

चंपतराव : वा! म्हणजे ढोराले जसं कुंपणाकुंपणानं कोंडवाड्यात नेते तसं!

बळीराम : तसंच. नकाशावर लय सुंदर दिसे. साहेब लाल पेन्सिलीनं बाण काढून दाखवे.

चंपतराव : अन् बाण जाये कुठं?

बळीराम : आपल्याच खालच्या चौकीवर.

चंपतराव : तिथं तोफा असतीन.

बळीराम : तोफा मांगं, दूर. चौकीत माणसं. तोफायचा मारा सुरू होईस्तोवर त्यायनं रणगाडे रोखून धरायचे. धरले त्यायनं.

चंपतराव : मंग तं योजना पार पडली म्हण की!

बळीराम : पडली न. साहेबाले पदक भेटलं.

(सुमती आतल्या खोलीच्या दारात उभी आहे. केव्हापासून, हे दोघांनाही ठाऊक नाही.)

सुमती : खालच्या चौकीवाल्यांना सांगितलं होतं का, दुश्मन तुमच्याकडं वळवून राहिलो म्हणून?

चंपतराव : सुमे! आत बस वं. मोठी माणसं बोलून राहिली इथं.

सुमती : मोठी माणसं माझंच बोलून राहिली, मामा. सांगितलं होतं का त्यांना?

बळीराम : नाही. सावध राहा, इतकंच सांगितलं होतं.

सुमती : मलेही आईनं तेवढंच सांगितलं. नवीन पातळ नेस, आइतवारी पाहुणे येऊन राहिले. तुमी पुण्याच्या दवाखान्यातून आले तेव्हापासून मी इथं येऊन राहिली. जेव्हा आली तेव्हा तुमी भिंतीकडं तोंड करून पडले. तुमच्या मायसमोर म्हणाले, ही काहून येते. डबा पाठवला, उघडल्याबिगर वापस. मले वाटलं, पाय दुखते म्हणून. आज समजलं. तार ठोकून राहिले होते तुमी. मले दिसावी म्हणून.

बळीराम : तुया भल्यासाठीच केलं न.

सुमती : मले अडवलं असतं तं समजू शकली असती. तुमी अडवून नाही राहिले, वळवून राहिले. इकडून तुमी रस्ता बंद केला, तिकडं मामानं हिंगणा मोकळा ठेवला. लय सुंदर दिसत असंन नकाशावर. पण त्या घरी जाऊन त्याची लेकरं, त्याचं म्हातारपण, कोणं रोखून धरायचं? खालच्या चौकीत कोण बसलं आहे, ते पाहिलं का कोणी?

चंपतराव : पाह्य, वकिलीण झाली ही! म्हणून मैनाले म्हटलं होतं, मॅट्रिक करू नको पोट्टीले.

बळीराम : सुमती, पायाचं सोड. लाकडाचा भेटंन एखादा. पण मी पुरा नाही राहिलो. सारवलेलं आंगण आहे हे, मी इथंच रांगलो. तरी माय जिथं पाय ठेवते तिथंच मी कुबडी टेकवतो. दुसरीकडं हिंमत नाही होत. माय हसते, तिले वाटते मजाक करून राहिला. असा माणूस कोणाले काय संसार देईन?

सुमती : हे पहिले बोलले असते तं डबे वाचले असते माझे.

चंपतराव : मंग मी हिंगणेवाल्याले काय सांगू? तो तं पेढे घेऊन येईन!

सुमती : सांगा, पोरगी तिकडं नाही वळली.

चंपतराव : अन् याले? याले होकार समजू का?

सुमती : यायनं मले विचारलं कुठं? यायनं तुमाले नकार देऊन टाकला. तुमी घेऊन टाकला. माझं नाव घ्यायची गरजच नाही पडली.

बळीराम : अन् आता विचारलं तं?

सुमती : तं पहिले मले सांगा, त्या पेरणीत कोण कोण गेलं. सगळे. मायले सांगता तसं गाळून नाही.

बळीराम : काहून ऐकतं?

सुमती : सांगा.

बळीराम : गावातली एक म्हातारी. पाणी आणायले निघाली होती. एका मेंढपाळाचा उंट. अन् उंट शोधायले गेलेला तो मेंढपाळ. आमचा लान्सनायक, रुपराव, उमरेडचा... माया पुढंच होता. मायावाला पाय. अन् खालच्या चौकीतले नऊ.

सुमती : अन् दुश्मनाचे?

बळीराम : आमच्या माइनेवर? एकबी नाही. ते तिकडून आलेच नाही.