विंचवाचा लाल तारा

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या.

"ताई, भावजी रोज तुला गच्चीवर नेतात म्हणे?"

"हो ना. या आठवड्यात चंद्र विंचवाच्या लाल ताऱ्यापाशी येणार आहे, म्हणून."

"तीस वर्षांत कधी खिडकीपाशी तरी नेलं होतं?"

"तोच तर संशय येतोय. वर हातही धरतात."

"काहीतरी लपवताहेत. फोन बघ."

"बघितला. नुसते तारेच आहेत."

"मग प्रेम उतू चाललंय!"

"कसलं प्रेम! नुसती मास्तरकी. तारा मलाच शोधायला लावतात. चुकलं की म्हणतात, 'पुढच्या उन्हाळ्यात कोण दाखवणार तुला?'"

"आणि आज इथे कशाला आलात?"

"साधी तपासणी आहे म्हणाले. मला मात्र आत येऊ दिलं नाही. पण तू कशी आलीस गं?"

"भावजींनीच बोलावलं. म्हणाले, आज ताईजवळ बस."