दहाच्या शोचा समीक्षक

माझा जन्म कल्याणजवळच्या मोहन्याचा, वडील कारखान्यात, आई दर संध्याकाळी भजनात, आणि मुलगा निघाला प्रौढांच्या सिनेमांचा समीक्षक, आता बोला. काय सांगू तुम्हाला, ठरवून नाही झालेलो. कल्याणच्या एका साप्ताहिकात मी प्रुफं तपासायचो. बाकीच्या सिनेमांवर लिहायला रांग लागलेली, पण सकाळी दहाच्या शोला जे लागायचं ना, पोस्टरवर मोठ्ठा ए, त्यावर लिहायला कोणी तयार नाही. संपादक म्हणाले, तू जा रे, तुझं लग्न कुठं झालंय, तुला कोण विचारतंय. गेलो. कागद-पेन काढून बसलो तर शेजारचा उठून लांब जाऊन बसला, त्याला वाटलं पोलिसाचा माणूस.

मी सिनेमा म्हणूनच बघायचो. गोष्ट आहे का, बाई काम बरं करते का, पोस्टरवरचं आत आहे का. नसलं तर सरळ लिहायचो, फसवणूक आहे, जाऊ नका. लोक ते पान दुमडून खिशात घालायचे. माझं मत तेव्हाही हेच, आजही हेच, उघडं अंग वाईट नसतं हो, आळशी दिग्दर्शक वाईट असतो.

पण ह्या लिखाणापायी स्थळं मोडायला लागली. मग आलं टेंभी नाक्याचं स्थळ, सुलभा. फोटोतच आवडलेली मला. आईनं बजावलेलं, प्रुफं तपासतो एवढंच सांग, बाकी तोंड बंद. पोहे आले, सगळं गोड चाललेलं, आणि तिचा मामा मला निरखून म्हणाला, ह्यांना मी ओळखतो, दर शुक्रवारी दहाच्या शोला असतात. मामी हळूच म्हणाली, अहो, शुक्रवारी सकाळी तुम्ही बँकेत असता ना.

हसायची सोय नव्हती. तिचे वडील शाळामास्तर, त्यांनी बशी खाली ठेवली, विचारलं, खरं का हे. आईनं माझ्या पायावर पाय दिला. नाही म्हटलं असतं तर मामानंच माझी बाजू घेतली असती, त्याचाही जीव सुटला असता. पण मी म्हटलं, खरंय, त्या सिनेमांवर लिहितो मी. मास्तर उठलेच. म्हणजे गेलं हेही स्थळ.

तेवढ्यात सुलभा बोलली. नंतर कळलं, मास्तर आमचं साप्ताहिक घ्यायचे, माझं पान तेवढं काढून कपाटाच्या फळीवर उलटं अंथरायचे, आणि ही कपडे लावताना ते सुलटं करून वाचायची.

— धबधब्याखालच्या बाईचं तुम्हीच लिहिलेलं?

हो म्हटलं. लिहिलेलं असं की तिचे ओठ निळे पडलेत, ती कुडकुडतेय, आणि कॅमेऱ्यामागं कोणाला त्याचं काही नाही.

— बाबा, ह्यांना तिची थंडी दिसली. मला हे चालतील.

झालं लग्न. मुलं झाली, मामा बारसं जेवून गेला, माझ्याकडे न बघता.

आता घरोघरी केबल आलीय, दहाचा शो बंद पडला. शेवटच्या शोला मॅनेजरनं जोडीनं बोलावलं, तर ही हळदीकुंकवाला जावं तशी शालू नेसून आली. बाई बघून थिएटरभर लोक रुमालात तोंड घालून, इंटरवलला एकही जण जागचा उठला नाही, वडेवाला बाहेर नुसता ओरडतोय. सुटल्यावर मी सवयीनं मान खाली घालून कडेकडेनं निघालेलो, तर हिनं दंडाला धरून मधल्या दारातून बाहेर काढलं. समोर शेजारीण भाजी घेत होती, तिला हीच हाक मारून म्हणाली, आम्ही दोघं सिनेमाला आलेलो.

काय मागायचं हो देवाकडं आणखी? द्यायचं ते त्यानं दिलंय, तुम्हालाही देवो.