डोम मस्करी करत नव्हता

नाव: गुलसेन यिलदरिम, वय ५२ वर्षे, धंदा: कॅरव्हॅनच्या कारखान्यात कपाटं बसवणे, राहणार ब्रॉडमेडोज, मेलबर्न.

मी आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून समक्ष सांगते की, कॅम्बेलफील्ड येथील कारखान्यात मी आणि मयत डोमेनिक काटाल्दो शेजारी शेजारी काम करत होतो. त्याला सगळे डोम म्हणत. तो मस्करीखोर होता, हे खरं आहे. पण काल तो मस्करी करत नव्हता, आणि हे लिहून घेतल्याशिवाय मी उठणार नाही.

नवीन शेडमध्ये कोणाच्या कामाची जागा कुठे मांडायची, हे ठरवायला इंजिनिअर कॅलमने व्हीआरचे चष्मे आणले होते. शेड रिकामी होती. चष्मा लावला की टेबलं, ड्रिल, कपाटं असा सगळा कारखाना उभा दिसायचा, खरी शेड दिसायची नाही. हात पुरतो का, कंबर किती वाकते, ते डोमने चष्मा लावून सांगायचं आणि आम्ही बघायचं. आखलेल्या चौकाबाहेर गेलं की चष्म्यात लाल जाळी यायची. डोम वैतागून म्हणाला, "ही जाळी काढ रे बाबा. मी काम करू की मासे धरू?" कॅलमने ती बंद केली.

थोड्या वेळाने डोमने पँटला हात पुसले, "चला, चहा," म्हणाला आणि डावीकडे निघाला. चहाच्या सुट्टीचा भोंगा झाला नव्हता. मी म्हटलं, "डोम, तुझं पोट घड्याळाच्या पुढे धावतंय." सगळे हसले. मीही हसले. तिकडे ट्रकमध्ये माल चढवायचा उंच धक्का आहे, त्याचं शटर उघडं होतं. तो रोजच्या चालीने गेला आणि खाली काँक्रीटवर पडला. सावरायला हातसुद्धा पुढे केले नाहीत. आज पहाटे तो हॉस्पिटलात वारला.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर मॅनेजर वेंडी म्हणाली, "नाटकं करत होता तो. विचारलं तर सगळ्यांनी तेच सांगा." म्हणजे त्याच्या रोझाने जन्मभर ऐकायचं, की नवरा चेष्टेपायी मेला. हे मला सहन झालं नाही.

मी कॅलमकडे दुसरा चष्मा मागितला. तो नुसता रडत होता. मी स्वतःच उचलून लावला. आत आमचाच कारखाना होता, पिवळा रस्ता डावीकडे थेट चहाच्या टेबलापर्यंत. धक्का कुठेच नव्हता. मग भोंगा वाजला. खरं वाटावं म्हणून कॅलमने तोही आत घातला होता. बाहेरच्यांना तो ऐकू येत नव्हता.

मला सगळं माहीत होतं. डोमला नेताना मी पाहिलं होतं. तरी भोंगा ऐकून मी वळले आणि चालू लागले. कॅलमने मागून दंड धरला, म्हणून आज जबाब द्यायला मी आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे, त्यातला एक शब्दही कमी करायचा नाही.