नातीची टोपी आणि माझं तोंड

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्ही फार बोलता! तुम्हाला सांगतो, अख्खं घर एका बाजूला आणि मी एका बाजूला. अहो, नात तीन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नव्हता, मग तिच्या वाटचं कुणी बोलायला नको होतं? मी शिंपी माणूस, मशीनवर पाय चालतात तसं तोंड चालतं, पण म्हणून मी काय फार बोलतो का हो?

तर मूळ भानगड टोपीची. नातीला टोपी शिवली, अस्तर लावेपर्यंत लहान झाली. दुसरी शिवली, तीही डोक्यावर नुसती ठेवल्यासारखी. मी खूश! गल्लीभर सांगत सुटलो, डोकं आमच्या घराण्याचं, हुशारीला जागा लागते! विहीणबाईंना ते कुठलं सोसायला? ‘तुमच्या घराण्याचं तोंड तेवढं मोठं. डोकं आमच्याकडचं.’ झालं, जुंपली आमची... आणि सूनबाई बिचारी पोरीला घेऊन मधे. तिला एकच धास्ती, ही बोलणार कधी?

शेवटी तिनेच आम्हाला दवाखान्यात नेलं. पोरीचं रक्त तपासलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘आजोबा, मेंदू घडताना पेशी वाढत सुटतात. त्यांना “पुरे” म्हणणारं एक जनुक असतं. त्याच्या दोन प्रती असतात, हिची एक बिघडलीय. म्हणून डोकं मोठं आणि बोलणं मागे.’ मी विचारलं, ‘पण हे आलं कुणाकडून?’ ‘कुणाकडूनच नाही. हिच्यातच नव्याने झालंय.’ विहीणबाई आणि मी एकदम गप्प, मुलांच्या लग्नापासून पहिल्यांदाच! मग डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘हेच जनुक पुढे शरीरातल्या गाठींनाही आवरतं, तेव्हा तपासण्या चुकवायच्या नाहीत.’ गाठी म्हटल्यावर मी पोरीला जवळच ओढली... ‘घाबरू नका, दुसरी प्रत काम करतेय. उशिरा, पण बोलेल असं मला वाटतं. तुम्ही तिच्याशी बोलत राहा.’

बोलत राहा! ऐकलंत? मला! त्या दिवसापासून मी सुटलोच. बटण दिसलं की बटणाची गोष्ट, दोरा दिसला की दोऱ्याची, दोरा संपला तर रिळाची... डॉक्टरांनी दिलेलं औषध चुकवायचं नसतं, मग आता सांगा, मी काय फार बोलतो का हो?

परवा सगळे घरात बसलो होतो. पोरगी माझ्या मांडीवर, डोक्यावर नवी टोपी, पुढच्या वाढीला जागा ठेवून शिवलेली, आणि मी तिला काजं कशी करतात ते सांगतोय, आधी साधी, मग कोटाची, मग... तर तिने काय करावं? इवलासा हात माझ्या तोंडावर ठेवला आणि स्वच्छ म्हणाली, ‘पुरे.’

सूनबाई रडायलाच लागली. माझेही डोळे भरून आले. पहिला शब्द हो! आई नाही, आजोबा नाही... पुरे! दुसरी प्रत नुसतं काम करत नाहीये, चोख करतेय.

आणि विहीणबाई? डोळे पुसत म्हणतात कशा, ‘हा शब्द मात्र आमच्याकडून आला.’

याला माझ्याकडे झकास उत्तर होतं, तुम्हाला सांगतो... पण करणार काय, तिने हात काढलाच नाही.