कमी पडलेली शाल

डॉ. देवरे : ...पण शाली काल संध्याकाळी माझ्या डोळ्यांदेखत कपाटात ठेवल्या होत्या, सिस्टर. किल्ली तुमच्याकडे. मग आज एक कमी कशी पडते?

सिस्टर ज्योत्स्ना : सकाळी कपाट मीच उघडलं, सर. इस्त्रीला द्यायच्या होत्या. तेवढ्यात वॉर्डातून हाक आली, तशीच धावले. कुलूप लावायचं राहिलं.

डॉ. देवरे : आणि गेली तीही नेमकी चिमाजीशेठची! बाकीच्या कशाही असोत, पण ती नक्षीची शाल मी स्वतः मेनरोडला चार दुकानं फिरून आणली होती. पाचला कार्यक्रम. अख्खी अँब्युलन्स देणारा माणूस नामपूरहून आईला घेऊन येणार, आणि मी त्याच्या खांद्यावर काय टाकू? वॉर्डातली चादर?

सिस्टर ज्योत्स्ना : चादरीही पुरत नाहीत, सर.

डॉ. देवरे : टोमणे नंतर मारा. कुणाला विचारलंत का?

सिस्टर ज्योत्स्ना : सगळ्यांना. भागुबाई मावशी तेवढ्या काही बोलत नाहीत. "डाक्टरला सांगीन" म्हणतात. बाहेर उभ्या आहेत.

डॉ. देवरे : भागुबाई, ये आत. म्हणजे... या, या. बसा.

भागुबाई : आज तुमी म्हनता व्हय मला?

डॉ. देवरे : सवय करतोय. स्टेजवर तसंच बोलावं लागतं. आपल्या मुलांच्या हॉस्पिटलचा रौप्यमहोत्सव आहे, भागुबाई, आणि सगळ्या स्टाफच्या वतीनं प्रातिनिधिक सत्कार तुमचा आहे.

भागुबाई : परा... काय?

सिस्टर ज्योत्स्ना : म्हणजे नर्स, वॉर्डबॉय, आया, धोबी, स्वयंपाकी, सगळ्यांचा मिळून एकच सत्कार. तुम्ही जायचं, आम्ही खालून टाळ्या वाजवायच्या.

भागुबाई : सगळ्यांची मिळून येकच शाल?

डॉ. देवरे : देणगीदारच इतके आहेत की वेळ पुरत नाही हो. बरं, शालीवरून निघालंच आहे. कपाटातली शाल तुम्ही पाहिलीत?

भागुबाई : म्या दिली.

डॉ. देवरे : दिली? कुणाला?

भागुबाई : आज पहाटं पोर गेलं ना? त्याच्या आयला.

सिस्टर ज्योत्स्ना : पेठकडचं बाळ, सर. न्यूमोनियाचं. तुम्हाला फोन केला होता.

डॉ. देवरे : हो, हो, आठवतंय. वाईट झालं. फार उशिरा आणलं त्यांनी. पण भागुबाई, गुंडाळायला ती शाल? एखादं पांढरं कापड दिलं असतं.

भागुबाई : पांढऱ्या कापडात गुंडाळल्यालं पोर यस्टीत कोन चढू दील, डाक्टर?

डॉ. देवरे : एसटीत?

भागुबाई : मग? मयत म्हनलं का कंडाक्टर खाली उतरवतो. नकशीची भारी शाल असली का कोनी इचारत नाय. लाडाचं पोर हाय, निजलंय, आसं वाटतं.

डॉ. देवरे : अहो, पण एसटीनं कशाला पाठवलंत त्यांना?

सिस्टर ज्योत्स्ना : सर, मी सकाळी तुम्हाला विचारलं होतं. मंडपात तुम्ही खुर्च्या लावून घेत होतात. म्हटलं, त्यांना सोडायला गाडी देऊ का? तुम्ही म्हणालात, लोकार्पणाआधी नवी गाडी हलवायची नाही.

डॉ. देवरे : जुनी होती ना!

सिस्टर ज्योत्स्ना : जुनी परवाच भंगारात दिली. नवी दारात उभी राहिली म्हणून.

डॉ. देवरे : माझी मारुती...

सिस्टर ज्योत्स्ना : पाहुण्यांना आणायला गेलीय. जीपवाल्यांकडेही जाऊन आले मी. मयत घेऊन घाट उतरायला कुणी तयार होईना.

डॉ. देवरे : मग मी काय करायचं होतं? सांगा ना तुम्हीच. आक्काबाईंची, शेठच्या आईची, एकच अट आहे. गाडीत पहिलं पाऊल त्यांचं पडलं पाहिजे, आणि पहिली फेरी वणीला, देवीच्या पायाशी. म्हातारं माणूस आहे, श्रद्धा आहे. पहिली फेरी मयताची झाली असं त्यांच्या कानावर गेलं, तर गाडी परत नेतील ते. शेठ एक्स-रे मशीनचं बोललेत माझ्याशी. तेही गेलं मग.

भागुबाई : गाडी पोरांसाठीच हाय ना?

डॉ. देवरे : पोरांसाठीच आहे! म्हणून तर मी या लोकांच्या मागंपुढं करतो. मला काय हौस आहे हार-तुऱ्यांची? यांचे मानपान सांभाळले म्हणून इथं ऑक्सिजनची नळकांडी येतात. तुम्हाला वॉर्ड दिसतो, भागुबाई. वॉर्ड कशावर चालतो ते मला दिसतं.

भागुबाई : म्या कुठं नाय म्हनलं? गाडी आजारी पोराची, मेल्याली पोरं यस्टीची. आता कळलं.

सिस्टर ज्योत्स्ना : सर, पेठची गाडी दीडला सुटते. बाळाचे आईबाप अजून स्टँडवरच असतील. लियाकत ड्रायव्हर अँब्युलन्सपाशी बसून आहे. तुम्ही नुसतं हो म्हणा. तो त्यांना स्टँडवरून घेईल, गावात सोडेल आणि कार्यक्रमाच्या आत परत येईल. कुणाला कळणारही नाही.

डॉ. देवरे : आणि घाटात पंक्चर झाली म्हणजे? दारात गाडी नाही, शेठ फीत हातात धरून उभे. नाही, सिस्टर. आजचा दिवस नाही. उद्या कुणालाही न्या, मी अडवणार नाही.

सिस्टर ज्योत्स्ना : ते बाळ उद्यापर्यंत थांबणार नाही, सर.

डॉ. देवरे : शब्दात पकडू नका मला! सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. आणि भागुबाई, तुमच्यावर मी रागावलेलो नाही. उलट भाषणात सगळ्यात जास्त तुमच्याविषयीच बोलणार आहे. पाठच केलंय मी. "सुरगाण्याच्या डोंगरातली एक आई आपलं तापानं फणफणलेलं बाळ घेऊन इथं आली. तेव्हा आपलं हॉस्पिटल दोन खोल्यांचं होतं. बाळ खडखडीत बरं झालं, आणि ती माउली कृतज्ञतेनं इथंच सेवेला राहिली." लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल बघा.

भागुबाई : कोन्तं बाळ?

डॉ. देवरे : तुमचं.

भागुबाई : ते नाय जगलं, डाक्टर.

डॉ. देवरे : काय?

भागुबाई : दुसऱ्या दिशी दुपारी गेलं. तुमीच व्हता. तुमीच हात लावून बघितलं आन मान हालवली.

सिस्टर ज्योत्स्ना : मावशी, मला कधी बोलला नाहीत तुम्ही.

भागुबाई : इचारलं कुनी? म्या बी यस्टीनंच नेलं त्याला. पदराखाली धरून. भारी शाल नव्हती ना, म्हनून तोंड झाकून घेतलं. कंडाक्टर म्हनला, पोर लय गुमान हाय बाई, रडत नाय. म्या म्हनलं, शानं हाय. शेजारची बाई त्याला भुईमुगाच्या शेंगा द्याया लागली. म्हनलं, निजलंय, उठल्यावर दीन. घेतल्या म्या शेंगा. नाय घेतल्या तर तिला संशव आला आसता. गाव येस्तवर हासत बसले तिच्यासंगं.

डॉ. देवरे : मग तुम्ही परत इथं...

भागुबाई : घरी गेले तर धनी म्हनला, शहरात नेऊन मारलंस पोराला. हाकलली मला. जायाचं कुठं? दुसरा रस्ताच म्हाईत नव्हता. हाच येक व्हता. तुमी म्हनले, फरशी पुसशील का? म्हनलं, पुसते.

डॉ. देवरे : सिस्टर.

सिस्टर ज्योत्स्ना : सर?

डॉ. देवरे : लियाकतला सांगा, गाडी काढ. हार उतरवून ठेवा, परत घालता येतील असे. आणि मागच्या गेटनं जाऊ दे. पळा, उशीर नको.

(सिस्टर घाईघाईनं बाहेर जातात.)

डॉ. देवरे : मला आठवायला हवं होतं, भागुबाई.

भागुबाई : लय पोरं येत्यात. कुनाकुनाचं ध्यानात ठिवाल?

डॉ. देवरे : तसं नाही. बरं झालं होतं असंच माझ्या मनात बसलं होतं. तू रोज समोर दिसायचीस, कधी रडताना पाहिलं नाही, म्हणून असेल. आता भाषणात काय बोलू मी?

भागुबाई : बरं झालं आसंच बोला. लोकांना बरं झाल्यालं पोरच आवडतं.

डॉ. देवरे : असं नको बोलूस.

भागुबाई : मग कसं बोलू? मेलं म्हनून सांगितलं तर शेठ यक्स-रे द्यायचा नाय. ती बाय स्टँडवर उनात बसलीय. पोराचं अंग थंडगार, आन तिला लोकांपुढं त्याला थापटत बसायचं हाय. म्याच शिकवून धाडलं तिला. मधी मधी थापटत जा, म्हनलं. मला वाटलं व्हतं, माज्यावानी आता कुनाला न्यावं लागनार नाय. येवढा मोठा दवाखाना झाला, तीन मजले झाले.

डॉ. देवरे : पोहोचेल गाडी. लियाकत हुशार आहे.

सिस्टर ज्योत्स्ना (धावत परत येत) : सर...

डॉ. देवरे : निघाला?

सिस्टर ज्योत्स्ना : नाही. आक्काबाई आल्यात.

डॉ. देवरे : आत्ता? पाचला यायच्या होत्या ना!

सिस्टर ज्योत्स्ना : शेठ म्हणाले, वेळेआधी येऊन गाडी डोळे भरून बघू दे आईला. त्या गाडीतच बसल्यात. आत पंखा आहे ना, उन्हाचं बरं वाटतंय त्यांना. फोटोवाला फोटो काढतोय. लियाकतनं हात जोडले, म्हणाला, मांजी, जरा काम है. शेठनी त्यालाच शेजारी उभं केलं, फोटोसाठी.

भागुबाई : मग उतरवा त्यांना.

सिस्टर ज्योत्स्ना : माझं कोण ऐकतंय, मावशी? सर, तुम्ही या. तुम्ही सांगितलंत तर उतरतील.

डॉ. देवरे : काय सांगू? आक्काबाई, उतरा, मयत न्यायचंय?

सिस्टर ज्योत्स्ना : हो. तेच सांगा.

डॉ. देवरे : पहिलं पाऊल तर पडलंच त्यांचं... पण लगेच मयत... नाही. बाईंना रक्तदाब आहे. काही कमी-जास्त झालं तर...

सिस्टर ज्योत्स्ना : हॉस्पिटलच आहे, सर.

डॉ. देवरे : सिस्टर, मी मघाशी हो म्हणालो की नाही? मी अडवलं नाही. आता योगच नाही, त्याला मी काय करू?

सिस्टर ज्योत्स्ना : या ना, सर. दहा पावलांवर गाडी आहे.

डॉ. देवरे : तुम्ही रिक्षा करून स्टँडवर जा बघू. दुसरी काही सोय लागते का...

भागुबाई : ऱ्हाऊ द्या, शिस्टर. ते घड्याळ बघा. गेली यस्टी.

सिस्टर ज्योत्स्ना : मी वॉर्डात जाते, सर. खालून टाळ्या वाजवायला मला बोलावू नका.

डॉ. देवरे : सिस्टर! अहो, सिस्टर!... गेली. सगळे माझ्यावरच चिडा. ठीक आहे. शेठच्या शालीचं मी बघतो. घरी माझ्या सत्काराच्या पडल्यात बऱ्याच, त्यातली एक मागवून घेतो. घडीही मोडलेली नाही. कुणाला काही कळणार नाही. भागुबाई, तू तरी येशील ना स्टेजवर?

भागुबाई : यीन की.

डॉ. देवरे : शेठच्या हातून तुला मिळेल ती शाल जरा साधी आहे. रागावू नकोस.

भागुबाई : नाय रागवत. शेठला म्हनावं, अंगावर नगा घालू, हातात द्या. घडी मोडाया नको. पुढच्या बायला लागंल.