सशाची गोळी

(न्यूझीलंडचं दक्षिण टोक, एप्रिलमधली दुपार. शलगमाच्या शेताला लागून रान सुरू होतं. नोलीन आणि तिचा धाकटा भाऊ डेस एका जखमी हरणीच्या मागावर आहेत.)

नोलीन: पाय जपून टाक, माग पुसशील. इथे बघ, नेच्याच्या पानावर.

डेस: हे रक्त नाही नोलीन, थेंब आहेत. दाढी करताना कापलं तर माझं याहून जास्त येतं.

नोलीन: थेंब तर थेंब. माग तर आहे ना?

डेस: आणि हे केस बघ, पुंजकेच्या पुंजके. नुसते केस आणि कातडी. आत काही गेलेलंच नाही. वर्षभर घसा कोरडा करून काय सांगत होतो मी तुला? टू-टू-थ्री हरणावर चालत नाही. ती सशाची बंदूक आहे. सशाची गोळी!

नोलीन: ओरडू नकोस. ती इथेच कुठे बसली असेल तर उठून पळेल.

डेस: पळणार कशी? तीन पायांवर?

नोलीन: तू बघितलंस?

डेस: दुर्बिणीतून. वरच्या कड्यावर बसलो होतो, बार ऐकला, वळून बघतो तर ही लंगडत ओढ्याकडे उतरतेय. पुढचा पाय नुसता लोंबत होता. जन्मभर शिकार केलेली बाई तू! मला तिथे बसल्या जागी लाज वाटली.

नोलीन: तुला लाज वाटली? आणि मला काय वाटतंय ते विचारलंस का एकदा तरी?

डेस: विचारायचं काय त्यात? हट्ट केलास, त्याचं फळ ती भोगतेय.

नोलीन: हट्ट? डॉक्टरने काय सांगितलं ते तुझ्यासमोर सांगितलं ना? थ्री-ओ-एटसारख्या मोठ्या बंदुकीचा एक धक्का जरी ऑपरेशन झालेल्या या खांद्याला बसला तरी तो परत उघडावा लागेल म्हणून. मग मी करायचं तरी काय होतं?

डेस: घरी बसायचं. मी आणून देत होतोच की मांस.

नोलीन: हो, देत होतास. पिशवी दारात ठेवायची, हॉर्न वाजवायचा आणि निघून जायचं. मांजरीला ठेवतात तसं.

डेस: घाईत असायचो मी.

नोलीन: अख्खा हंगाम घाईत होतास? एकदा आत येऊन सांगितलं नाहीस की कुठे मिळालं, वारा कुठून होता, नर ओरडत होते की नाही. मी खिडकीतून तुझ्या गाडीची पाठ बघायची.

डेस: आता ते कशाला उकरतेस? मुद्द्यावर ये. हरणाच्या अंगात शिरायचं तर गोळीला वजन लागतं. मूठभर वाळू फेकून भिंत पडत नाही.

नोलीन: आणि वजनाला जागा लागते. भलत्या जागी तोफ मारलीस तरी हरीण पळणारच. खाडीपलीकडचा क्लाइव्ह दर वर्षी याच काडतुसाने हरणं आणतो.

डेस: आणलेल्यांचे फोटो दाखवतो तो. पळून गेलेल्यांचे फोटो कोण काढतं?

नोलीन: तुझी नाही पळाली कधी? त्या मोठ्या बंदुकीतून? पोटात गोळी घेऊन गेलेला तो नर विसरलास?

डेस: तोंड सांभाळून बोल. तो विषय वेगळा.

नोलीन: तुझा विषय नेहमीच वेगळा असतो रे.

हेमी: आंटी! डेस! तुमचं भांडण खालच्या फाटकापर्यंत ऐकू येतंय. हरणीलाही येत असणार.

नोलीन: आलास का हेमी. बरं झालं, कुत्रीलाही आणलंस. फोनवर सांगितलं तेच, ओढा ओलांडून वर गेलीय. इथून पुढे थेंबही नाहीत.

हेमी: टिनी काढेल. टिनी, घे, हुंग. आंटी, गोळी कुठे लागलीय?

नोलीन: पुढच्या खांद्यावर.

हेमी: खांद्यावर? टू-टू-थ्रीने?

डेस: ऐकलंस? शेजारच्या पोराला कळतं ते तुला कळत नाही.

नोलीन: कळतं. हात चुकला. इतकी वर्षं थ्री-ओ-एटने खांद्यावर मारत आले, हात आपोआप तिथेच गेला. खांद्याच्या मागे धरायला हवं होतं. ती चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही.

डेस: हात चुकला म्हणून मोठी गोळी. चुकलेल्या हाताला सांभाळून घेते ती. म्हणून तर...

हेमी: डेस, तुमचं बरोबर असेल, पण जरा वेळ गप्प राहा. टिनीने वास धरलाय. माझ्या मागे या. काड्या मोडू नका.

नोलीन: त्या मानुका झुडपांच्या जाळीत शिरली ती.

हेमी: थांबलीय बघा. शेपटी ताठ. आंटी, तिथे. आडव्या पडलेल्या झाडापलीकडे. डोकं वर आहे.

नोलीन: दिसली.

डेस: बाजूला हो. मी संपवतो. माझी भरलेली आहे.

नोलीन: नाही.

डेस: आणखी एक सशाची गोळी घालणार आहेस तिच्यात? हाल पुरे झाले नाहीत?

नोलीन: मी जखमी केली, मीच सोडवणार. बंदूक खाली कर डेस. खाली कर म्हणते ना!

हेमी: आंटी, टिनीला मी धरलंय. मान मोकळी आहे. अजून चार पावलं जाता येईल, ती उठत नाही आता.

नोलीन: अशीच राहा गं. बघू नकोस माझ्याकडे. झालं, झालं.

हेमी: लागली. पडली... गेली, आंटी. पायही हलवला नाही.

डेस: कानामागे. आता नेम चुकला नाही बरा.

नोलीन: सुरी दे.

डेस: आधी जरा टेक खाली.

नोलीन: सुरी दे, डेस. हेमी, तू पाय वर उचलून धर. हां, तो मोडलेला. मला बघायचंय आत काय झालं ते.

हेमी: बाप रे. बशीएवढी जखम आहे.

नोलीन: बशीएवढी, आणि खोल किती? बोटभर. खालचं हाड तडकलंय, पण छातीत काहीच गेलेलं नाही. सगळी गोळी वरच्या वर फुटली.

डेस: मग मी आणखी काय सांगत होतो? तुझ्या तोंडून ऐकून बरं वाटलं. बारकी गोळी हाडावर आपटली की फुटते.

नोलीन: हात पुढे कर.

डेस: काय?

नोलीन: पुढे कर हात. हे घे. बघ नीट. काय आहे हे?

डेस: तांबं. गोळीच्या आवरणाचे तुकडे.

नोलीन: तुकडे नाहीत, कपटे आहेत. चांदीच्या वर्खासारखे पातळ. हरणासाठी केलेली गोळी, मग ती कितीही बारकी असू दे, तिचं आवरण जाड असतं. ती मशरूमसारखी पसरते, वाकते, पण मागे एक गोळा उरतो. हिची भुकटी झालीय. कशासाठी केलेल्या गोळीची अशी भुकटी होते, डेस?

हेमी: सशांसाठी. शेतात दगडावर आपटून गोळी भलतीकडे उडू नये म्हणून.

नोलीन: मी याला विचारतेय. रिकाम्या काडतुसांत दारू आणि गोळी कुणी भरली?

डेस: मी भरली.

नोलीन: कुठे?

डेस: माझ्या गॅरेजमध्ये. आता हे पोलिसासारखं काय विचारतेस?

नोलीन: कशासाठी भर म्हणून सांगितलं होतं मी?

डेस: हरणासाठी.

नोलीन: जड गोळ्यांची पेटी मी स्वतः तुआतापेरे गावातल्या दुकानातून आणून तुझ्या टेबलावर ठेवली होती. तिचं काय झालं?

डेस: ती आहे.

नोलीन: आहे म्हणजे?

डेस: फळीवर आहे. फोडली नाही मी.

नोलीन: का?

डेस: नोलीन, अंधार व्हायच्या आत हिला खाली न्यायचंय.

नोलीन: का, डेस?

डेस: मला वाटलं... मला वाटलं, तू दोन-चार ससे मारशील, रानात फिरशील, मन रमेल. हरणाकडे काही तू आता जाणार नाहीस. माझ्याकडे सशांच्या गोळ्या पडून होत्या, त्याच भरल्या.

नोलीन: आणि मला सांगितलं नाहीस.

डेस: सांगितलं असतं तर भांडली असतीस.

नोलीन: भांडले असते! घर डोक्यावर घेतलं असतं! पण ही आज उभी असती, नाहीतर एका गोळीत पडली असती. तुला पहिल्यांदा बंदूक धरायला कुणी शिकवलं रे? तू धडधाकट, मी एक खांदा गेलेली, म्हणून मी लगेच खेळण्यातली बाई झाले? मन रमवायला रानात येते मी?

डेस: मी तुला दुखवायला नाही केलं गं.

नोलीन: दुखावलं कुणाला ते समोर पडलंय.

हेमी: आंटी, जरा...

नोलीन: नाही हेमी, बोलू दे मला. मघापासून हा माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतोय. टू-टू-थ्री चालत नाही, टू-टू-थ्री चालत नाही. चालेल कशी? तिला चालूच दिलं नाहीस तू! आधीच ठरवलंस, मग तसंच होईल अशी सोय केलीस.

डेस: सोय केली असं म्हणू नकोस. मुद्दाम नव्हतं ते.

नोलीन: मुद्दाम असतं तर बरं झालं असतं. निदान माझा विचार तरी केला असतास.

डेस: आणि तुझी जड गोळी भरली असती तर? त्या खांद्याच्या हाडातून आरपार गेली असती? छातीवर हात ठेवून सांग.

नोलीन: नाही सांगत. गेली असती, नसतीही गेली. म्हणून तर म्हटलं, तिथे मारायला नको होतं. आणि आणखी एक माझंच. गोळीचं टोक बघितलं असतं तर मला तिथल्या तिथे कळलं असतं. पण बघितलं नाही.

डेस: का नाही बघितलंस?

नोलीन: भावाने भरली म्हणून.

हेमी: ...टिनी, बस. बस तिथे.

डेस: नोलीन.

नोलीन: काही बोलू नकोस आता.

डेस: घरी गेल्यावर पेटी फोडतो. आज रात्रीच सगळी नव्याने भरतो.

नोलीन: पेटी मला आणून दे. भरीन मी माझी. आणि दारात ठेवून जाऊ नकोस.

डेस: आत येतो.

नोलीन: आलास तर बघू. हेमी, मागचे पाय बांधायला दोरी आहे का?

हेमी: आहे. डेस आणि मी ओढत नेतो, तुम्ही टिनीला घ्या. आंटी, ही कलेजी बाजूला काढलीय मी. स्वच्छ आहे. मारणाऱ्याची असते ती.

नोलीन: मला नको.

हेमी: डेस?

डेस: नको. माझ्या घशाखाली उतरायची नाही.

हेमी: मग टिनीला टाकू?

नोलीन: नाही, कुत्रीला नको. तू घरी ने हेमी. चांगला कांदा घालून कर, पोरांना वाढ. कुणीतरी तिला नीट खाल्लं पाहिजे.