टिलव्याचे पाय

...आणि वर व्याही मलाच विचारतात, 'राग नाही ना आला?' अहो, तुम्हाला सांगतो, पहाटेची प्रार्थना घाईत उरकायची, खाडीकाठी घोटाभर चिखलात उभं राहायचं आणि बघायचं काय, तर चिमणीएवढ्या पाखराचे पाय! कशासाठी? व्याह्यांची हौस! व्याही दातांचे डॉक्टर; इतर दिवशी माणसांची तोंडं बघतात, रविवारी पाखरांची. लेकीचं लग्न नुकतंच झालेलं. निघताना सौभाग्यवतींनी दारातच दटावलं, "ते म्हणतील त्याला हो म्हणा. लेकीला तिथं नांदायचंय. तुमचं सत्य घरी ठेवून जा!" सत्य ही काय छत्री आहे, घरी ठेवायला? मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोलत नाही!

तिथं पक्षिप्रेमी मंडळी जमलेली. पाखराचं नाव टिलवा. काळ्या पायांचा टिलवा ढिगानं सापडतो. पिवळ्या पायांचा मात्र या खाडीवर कुणी कधी पाहिलेला नाही. आणि व्याही दुर्बिणीमागून ओरडले, "पिवळ्या पायांचा! आवाज ऐका... तिर्रर्रर्र! काळ्याचा नुसता टिट-टिट!" तो तिर्रर्र असा काढला, की माझी दाढ ठणकली हो!

मंडळाच्या प्रमुख बाई म्हणजे करडं प्रकरण. म्हणाल्या, "दुसरा साक्षीदार आणा. त्याशिवाय मी मानणार नाही."

व्याही माझ्याकडे वळले... प्रेमानं खांद्यावर हात टाकला. "आमचे व्याही सांगतील! शब्दाचे पक्के!"

मी दुर्बीण लावली. पाय? काळेकुळकुळीत! आता काय करावं माणसानं? एकीकडे लेकीचा संसार, दुसरीकडे वर बसलेला तो, सगळं ऐकणारा!

"काळे," मी म्हटलं.

"पुन्हा पाहा."

"काळेच."

"आणि आवाज?"

"डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी बोलत नाही!"

"आवाज डोळ्यांनी कसा पाहणार, व्याहीबुवा?"

मंडळी खोखो हसली, व्याही मात्र हसले नाहीत. दुर्बिणीला झाकण लावलं, थर्मास उघडला, सगळ्यांना चहा दिला... मला सोडून! झालं! लेकीच्या सासरी आता माझं नाव निघालं, की भांडी आपटणार!

सगळे चहात बुडालेले, मी एकटाच त्या पाखराकडे डोळे लावून. ते चिखलातून तुरुतुरु निघालं, स्वच्छ पाण्याच्या डबक्यात उतरलं, पलीकडे निघालं, आणि... अहो, पाय पिवळे! काळा होता तो चिखल! पाहिलं कुणी? कुणीच नाही! गप्प बसलो असतो, तर माझा शब्द शाबूत राहिला असता. पण मनुष्यानं सत्याशी प्रामाणिक राहावं, स्वतःचा शब्द गिळायला लागला तरी.

"पिवळे!" मी ओरडलो. "माझं चुकलं! पिवळे!"

पाखरू दचकून उडालं, तिर्रर्रर्र करत, मंडळींच्या डोक्यावरून! बाईंनी मान डोलावली. व्याह्यांनी चहा सांडत मला मिठी मारली. वाटलं, सुटलो. तर म्हणतात कसे, "स्वतःचं खोटं ठरवून खरं सांगणारा साक्षीदार जन्मात भेटला नव्हता! आता दर रविवारी तुम्ही माझ्याबरोबर!"

दर रविवारी! देवा, मला क्षमा कर, पण तुम्हाला म्हणून सांगतो... पहिल्यांदाच एक खोटं 'हो' म्हटलं असतं, तर रविवार तरी वाचले असते!